जोशी-अभ्यंकर हत्याकांड

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुणे शहरात झालेल्या दहा खुनांची मालिका. यांपैकी आठ खून ३१ ऑक्टोबर व १ डिसेंबर १९७६ रोजी दोन घरांत शिरून करण्यात आले आणि त्या घरांच्या आडनावांवरूनच सगळी मालिका ओळखली जाऊ लागली. पहिला व शेवटचा खून घराबाहेर झाला. या प्रकरणी पुण्यातील एका कला महाविद्यालयाचे चार विद्यार्थी दोषी ठरले व २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. साथीदाराच्या साक्षीचे मूल्यमापन आणि देहान्त शिक्षेच्या निकषांची जडणघडण या दोन अंगांनी हा खटला भारतीय फौजदारी न्यायशास्त्रात लक्षणीय ठरतो.

वर्गीकरण : गुन्हेशास्त्रात एकाच वेळी व एकाच ठिकाणी साधारणपणे चार किंवा अधिक व्यक्तींचे खून झाल्यास ‘सामूहिक हत्या’ आणि मध्ये काही काळ जाऊन वेगवेगळ्या प्रसंगी खून होत राहिल्यास ‘मालिका हत्या’ अशी विभागणी केली जाते. या निकषाने अभ्यंकरांच्या घरातील पाच खून ही सामूहिक हत्या ठरते, जोशींच्या घरातील तीन खून त्या संख्येत बसत नाहीत आणि संपूर्ण प्रकरण मालिका हत्येत मोडते. भारतीय दंडसंहिता, १८६० यात अशी विभागणी नव्हती; प्रत्येक खून कलम ३०२ खाली स्वतंत्र गुन्हा होता. घरात शिरण्याच्या कृतीची मात्र तिच्यात बारकाईने प्रतवारी केलेली होती. गुन्हा करण्याच्या उद्देशाने दुसऱ्याच्या राहत्या घरात शिरणे किंवा तेथे थांबून राहणे हे ‘गृह-अतिक्रमण’. कुलूप तोडणे, भिंत फोडणे, धाक दाखवून वाट काढणे अशा कलम ४४५ मध्ये सांगितलेल्या सहा मार्गांपैकी एखाद्या मार्गाने आत शिरणे किंवा बाहेर पडणे ही ‘घरफोडी’. आणि देहान्त शिक्षेस पात्र गुन्हा करण्यासाठी केलेले गृह-अतिक्रमण हा कलम ४४९ खालील, जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा होता. अभ्यंकरांच्या घरी कुलूप तोडावे लागले नाही; मारेकऱ्यांनी घंटी वाजवली आणि घरातील माणसाने दार उघडले. दरवाजा फोडून होणाऱ्या चोरीपेक्षा हा प्रकार वेगळा होता, आणि शहरात पसरलेल्या भीतीचे स्वरूप समजण्यासाठीही हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

आरोपी : राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शाह हे चौघे टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयात उपयोजित कलेचे शिक्षण घेत होते, त्यांचा एक सहाध्यायी पुढे माफीचा साक्षीदार झाला.

घटनाक्रम : पहिला बळी महाविद्यालयामागील उपाहारगृहाच्या मालकाचा मुलगा होता. १५ जानेवारी १९७६ रोजी त्याला फसवून नेण्यात आले, आपण स्वतःहून घर सोडून जात आहोत अशी चिठ्ठी त्याच्याकडून लिहवून घेण्यात आली आणि नंतर पेशवे पार्क परिसरात नायलॉनच्या दोरीने गळा आवळून त्याचा खून करण्यात आला. मृतदेह लोखंडी पिंपात घालून सारसबागेजवळच्या तलावात बुडवण्यात आला व वडिलांकडे खंडणीची मागणी करणारे पत्र पाठवण्यात आले. मृतदेह हाती न लागल्यामुळे हे प्रकरण त्या वेळी बेपत्ता मुलाचे प्रकरण म्हणूनच राहिले.

३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयनगर कॉलनीतील जोशी यांच्या घरात मारेकरी शिरले. पतिपत्नींचे हातपाय बांधून त्यांना मारण्यात आले आणि काही वेळाने घरी परतलेल्या त्यांच्या मुलाचाही तसाच खून झाला. लुटीत रोकड, मंगळसूत्र, घड्याळ अशा वस्तू होत्या. २२ नोव्हेंबर रोजी शंकरशेट रस्त्यावरील एका बंगल्यात असाच प्रयत्न झाला, परंतु घरातील स्त्रीने व दोन नोकरांनी प्रतिकार केल्यामुळे हल्लेखोरांना पळून जावे लागले. १ डिसेंबर रोजी रात्री आठच्या सुमारास भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृती’ या बंगल्यात काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नातू, नात आणि घरकाम करणारी वृद्ध स्त्री अशा पाच जणांचे खून झाले. २३ मार्च १९७७ रोजी आरोपींच्या एका सहाध्यायाच्या भावाला अलका चित्रपटगृहापासून दुचाकीवरून जक्कलच्या शेडमध्ये नेऊन मारण्यात आले. त्याचा मृतदेह शिडीला बांधून व दगडांचे वजन लावून बंडगार्डनजवळ मुळा-मुठेच्या पात्रात सोडण्यात आला, तो दुसऱ्या दिवशी येरवड्याच्या बाजूला पाण्यावर आला.

तोंडात बोळे कोंबणे, हातपाय बांधणे व नायलॉनच्या दोरीला विशिष्ट गाठ मारून गळा आवळणे ही पद्धत बहुतेक प्रसंगी समान होती. पोलिसांच्या श्वानपथकाला माग लागू नये म्हणून घरात अत्तर शिंपडल्याचेही सांगितले जाते. उद्देश लुटीचा होता हे उघड असले, तरी मिळालेला ऐवज आणि झालेली हत्या यांतील तफावत एवढी मोठी आहे की लूट हे एकमेव कारण मानावे की नाही, याविषयी मतभेद आहेत.

काशिनाथशास्त्री अभ्यंकर : मृतांपैकी काशिनाथ वासुदेव अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे आणि अर्धमागधीचे मान्यवर अभ्यासक होते. त्यांचे वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याचे मराठी भाषांतर केले होते, तर त्या ग्रंथमालेचा प्रस्तावनाखंड काशिनाथशास्त्रींनी लिहिला. त्यात पाणिनीय परंपरेचा विस्तृत इतिहास येतो. गुजरात महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. संस्कृत व्याकरणातील पारिभाषिक संज्ञांचा त्यांनी इंग्रजीत रचलेला कोश बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९६१ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो आजही या विषयातील प्राथमिक संदर्भग्रंथ म्हणून वापरला जातो. सूत्रांचा अर्थ लावताना वापरावयाच्या नियमांना व्याकरणशास्त्रात ‘परिभाषा’ म्हणतात. त्यांच्या निरनिराळ्या परंपरांतील संहिता एकत्र करणारा त्यांचा ‘परिभाषासंग्रह’ भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६७ मध्ये प्रकाशित केला.

तपास : जोशी व अभ्यंकर यांच्या घरांतील खुनांच्या वेळी देशात आणीबाणी होती, ती २१ मार्च १९७७ रोजी उठली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी शेवटचा खून झाला. मारेकरी व मृत यांच्यात पूर्ववैर नसल्यामुळे नेहमीच्या तपासपद्धतीला सुरुवातीला धागा सापडला नाही. शेवटच्या मृतदेहावरील दोरीची गाठ आधीच्या खुनांतील गाठीशी जुळली आणि मृताच्या परिचितांकडे चौकशी वळली. मधुसूदन हुल्याळकर या सहायक पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वाखालील पथकाने चौकशी केली असता संशयितांच्या जबाबांत विसंगती आढळली. मार्चअखेरीस अटका झाल्या, आणि सव्वा वर्षापूर्वी बुडवलेल्या पिंपाचा शोध लागून पहिल्या खुनाचाही उलगडा झाला.

पुरावा व माफीचा साक्षीदार : घरातील सर्व माणसे मारली गेली की प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उरत नाही, ही अशा गुन्ह्यांतील मूळ अडचण होय. तिच्यावर उपाय म्हणून फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३०६ चा वापर झाला. गुन्ह्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष सहभाग असलेल्या व्यक्तीने सर्व हकिगत पूर्णपणे व खरेपणाने सांगण्याच्या अटीवर न्यायालय तिला माफी देऊ शकते. अशा व्यक्तीस ‘माफीचा साक्षीदार’ म्हणतात, आणि तिने अट मोडल्यास कलम ३०८ खाली तिच्यावर मूळ गुन्ह्याचा खटला चालू शकत असे.

या साक्षीचे वजन भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील परस्परांना तोलणाऱ्या दोन तरतुदींवर ठरत असे. कलम १३३ नुसार साथीदार हा सक्षम साक्षीदार होता आणि केवळ त्याच्या पुष्टिविरहित साक्षीवर दोषसिद्धी झाली एवढ्याच कारणाने ती बेकायदेशीर ठरत नसे. याउलट कलम ११४ मधील उदाहरण (ख) नुसार महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याखेरीज साथीदार विश्वासार्ह नाही, असे न्यायालय गृहीत धरू शकत असे. सर्वोच्च न्यायालयाने सरवणसिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५७) या निर्णयात दुहेरी कसोटी घालून दिली : साक्षीदार मुळात विश्वसनीय वाटला पाहिजे आणि त्याच्या साक्षीला स्वतंत्र पुराव्याची जोड मिळाली पाहिजे. पुण्याच्या खटल्यात माफीच्या साक्षीदाराच्या निवेदनाला इतर साक्षी व परिस्थितिजन्य पुरावा यांचा आधार तपासण्यात आला. गुन्ह्यांत सामील असलेली व्यक्ती शिक्षेविना सुटणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला. तशा साक्षीवाचून चौघांवरील आरोप सिद्ध करणे अवघड गेले असते, असे उत्तर त्याला दिले जाते.

खटला व अपिले : पुण्याच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश वा. ना. बापट यांच्यासमोर १५ मे १९७८ रोजी सुनावणी सुरू झाली आणि २८ सप्टेंबर १९७८ रोजी चौघांना देहान्त शिक्षा सुनावण्यात आली. सत्र न्यायालयाने दिलेली देहान्त शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. त्यानुसार मुंबई उच्च न्यायालयाने ६ एप्रिल १९७९ रोजी ती कायम केली आणि १७ नोव्हेंबर १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयातही आरोपींच्या पदरी निराशा आली. दयेचे अर्ज फेटाळले गेले.

देहान्त शिक्षेच्या कायद्यातील स्थान : हा खटला ज्या पाच वर्षांत न्यायालयांच्या पायऱ्या चढत होता, त्याच पाच वर्षांत देहान्त शिक्षेचा भारतीय कायदा घडत होता. १९७३ च्या संहितेतील कलम ३५४ (३) ने जन्मठेप हा नियम व देहान्त हा अपवाद ठरवून अपवादासाठी ‘विशेष कारणे’ नोंदवणे बंधनकारक केले. उच्च न्यायालयाच्या निर्णयाच्या दोनच महिने आधी राजेंद्र प्रसाद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (फेब्रुवारी १९७९) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ही शिक्षा समाजाच्या सुरक्षिततेला गंभीर धोका असेल अशा प्रकरणांपुरती मर्यादित करण्याचा प्रयत्न केला होता. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हा निकष देणाऱ्या बच्चनसिंग खटल्याचा बहुमताचा निर्णय मे १९८० मध्ये आला, तर भिन्नमताची सविस्तर कारणमीमांसा ऑगस्ट १९८२ मध्ये आली. परिणामी, आज ज्या कसोटीवर असा खटला पारखला जाईल, ती उच्च न्यायालयाने पुण्याच्या आरोपींची शिक्षा कायम केली तेव्हा उपलब्ध नव्हती.

१९८३ मध्ये फाशीला लागलेल्या विलंबाचा मुद्दा पुढे आला. वतीश्वरन खटल्यात फेब्रुवारीत दोन वर्षांहून अधिक विलंब झाल्यास शिक्षा कमी व्हावी असे मत दिले गेले, तर शेरसिंग खटल्यात मार्चमध्ये असा ठोकळ नियम नाकारला गेला. मुनव्वर हारुन शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या त्याच वर्षीच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्यांची व्याप्ती व क्रौर्य पाहता विलंबाचा लाभ देण्यास नकार दिला. २० जुलै १९८३ च्या मच्छीसिंग निर्णयात एखाद्या कुटुंबातील सर्व किंवा जवळजवळ सर्व व्यक्तींचे खून हा देहान्त शिक्षेच्या निकषांपैकी एक म्हणून नमूद झाला. आणि २३ सप्टेंबर १९८३ च्या दीना निर्णयाने फाशीची पद्धत घटनात्मक ठरवली. त्यानंतर दोन महिन्यांनी येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली.

तत्सम घटना : मच्छीसिंग खटल्याचे मूळ १२-१३ ऑगस्ट १९७७ च्या रात्री पंजाबातील पाच गावांत पडलेल्या सतरा खुनांत होते, तेथे मात्र घराण्यांचे वैर हे कारण होते. लुटीसाठी घरात शिरून कुटुंब संपवण्याचे पुण्याच्या प्रकरणाशी जवळचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कॅन्सस राज्यात नोव्हेंबर १९५९ मध्ये झालेली क्लटर कुटुंबाची हत्या. तेथील दोघा मारेकऱ्यांना १९६५ मध्ये फाशी झाली. लंडनमध्ये डिसेंबर १८११ मध्ये रॅटक्लिफ हायवे भागातील दोन घरांत सात खून झाले. संशयिताने कोठडीतच जीव दिल्यामुळे खटला उभा राहिला नाही. आयोवातील व्हिलिस्का (१९१२, आठ मृत) व बव्हेरियातील हिंटरकायफेक (१९२२, सहा मृत) या प्रकरणांचा उलगडा झालेला नाही.

सामाजिक पडसाद : १९७६ च्या हिवाळ्यात पुण्यात संध्याकाळनंतर रस्ते ओस पडत आणि ओळख पटल्याशिवाय दार न उघडण्याची सवय घराघरांत रुजली.

साहित्य व चित्रपट : मुनव्वर शाह याने कारागृहात लिहिलेले ‘यस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन मराठीत प्रसिद्ध झाले. नाना पाटेकर यांची भूमिका असलेला ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट या प्रकरणावर आधारित आहे. अनुराग कश्यप यांच्या ‘पाँच’ या हिंदी चित्रपटाची प्रेरणाही यातून घेतल्याचे मानले जाते. परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे तो रखडला.

सद्यःस्थिती : १ जुलै २०२४ पासून वरील तिन्ही कायद्यांची जागा नव्या संहितांनी घेतली आहे. माफी देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये कायम आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये मात्र ‘पुष्टिविरहित’ साक्षीऐवजी ‘पुष्टी मिळालेली’ साक्ष असा बदल झाला असून, न्यायालये जी दक्षता आजवर प्रथा म्हणून पाळत होती, तिला आता कायद्याच्या शब्दांत स्थान मिळाले आहे.