गावाच्या नावातले थोरले-धाकटे

श्रोतेहो, आपल्या चिखलीच्या एस.टी. स्थानकावर घटकाभर थांबलात, तर कुठल्या गावाच्या नावामागून 'बु.' तर कुठल्या नावामागून 'खु.' अशी अक्षरे ऐकू येतील, वाचायला मिळतील. बु. म्हणजे बुद्रुक, खु. म्हणजे खुर्द. मागे वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "सर, आमचं गाव खुर्द. म्हणजे ते कमी दर्जाचं का हो?" पोराचा चेहरा उतरला होता. त्याला जे सांगितले तेच आज तुम्हांला सांगतो.

हे दोन्ही शब्द म्हणजे फारसी विशेषणे. बुजुर्ग म्हणजे मोठा, खुर्द म्हणजे लहान. सुट्या नाण्यांचा 'खुर्दा' याच कुळातला. 'कागज'चा आपण 'कागद' केला. तसाच बुजुर्गमधल्या 'ज'चा 'द' झाला, 'र' जागचा हलला, शेवटच्या 'ग'चा 'क' झाला आणि बुद्रुक तयार झाला.

आता व्याकरण पाहा. आपले विशेषण लिंगाप्रमाणे बदलते: मोठा वाडा, मोठी विहीर, मोठे शेत. दूर युरोपातल्या लॅटिनचीही हीच रीत. तिथे 'मोठा'ची रूपे मॅग्नस, मॅग्ना, मॅग्नम. आणि या शब्दाचे नाते आपल्या संस्कृत 'महत्'शी! फारसीत मात्र लिंगभेदच नाही. म्हणून पुण्याकडचा कोंढवा पुल्लिंगी आणि आंबेगाव नपुंसकलिंगी, तरी दोघांनाही बुद्रुक एकच. शिवाय फारसीत विशेषण सहसा नामामागून येते. म्हणूनच आपण 'बुद्रुक कोंढवा' म्हणत नाही.

ही परकी रीत खेड्यात आली कशी? 1347 मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. 1490 च्या सुमारास वऱ्हाडात अचलपूरची इमादशाही आली. दरबारी लिखापढीत फारसीचा शिरकाव झाला. एकाच नावाची दोन गावे कागदोपत्री वेगळी ओळखायची, तर मोठे बुद्रुक, धाकटे खुर्द. पुढे शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पण गावांच्या नावांतून हे शब्द हलले नाहीत.

तेव्हा खुर्द हा दर्जा नव्हे. ती जुन्या दप्तरातली खूण आहे. त्या काळचे धाकटे गाव आज थोरल्याच्या पुढेही गेले असेल. गुरुजींनो, विशेषण शिकवताना आपल्याच तालुक्यातली अशी गावे मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्या. व्याकरण तर कळेलच, पण खुर्दचे पोरही ताठ मानेने आपल्या गावाचे नाव सांगेल.