दोष कुणाच्या पदरात

महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताला कुणाचाही शाप नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा त्याला सगळे आठवत असते, तरी तो तिला ओळख देत नाही. आकाशवाणी झाल्यावर तो तिचा स्वीकार करतो आणि लोकांनी मुलाच्या जन्माबद्दल शंका घेऊ नये म्हणून आपण असे वागलो, असा खुलासा करतो. हा खुलासा पटो न पटो, जाणूनबुजून नाकारल्याची कबुली त्यात आहेच. असा राजा कालिदासाला नायक म्हणून चालण्यासारखा नव्हता. म्हणून दुर्वास आला, अंगठी आली, ती गिळणारा मासा आला. पद्मपुराणाच्या काही प्रतींतही हा शाप सापडतो; कुणी कुणाकडून घेतला यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण मूळ महाभारतात तो नाही याबद्दल नाही. शाप आणि सूड यांनी कथानक पुढे सरकते, हे खरेच. पण मराठी रंगभूमीचा इतिहास पाहताना मला त्यांचे दुसरे काम जास्त महत्त्वाचे वाटते. झाल्या गोष्टीचा दोष कुणाच्या पदरात घालायचा, हे नाटककार त्यांच्याकरवी ठरवतो. मूळ कथेत किंवा इतिहासात नसलेला शाप किंवा सूड नाटकात दिसला, की तिथे दोषाची वाटणी नव्याने झाली आहे असे खुशाल समजावे.

यावर एक आक्षेप सरळ आहे. शापावर लोकांचा विश्वास होता, त्यामुळे प्रेक्षकाला तो नाटककाराची क्लृप्ती वाटण्याचे कारण नव्हते. विश्वास होता, याला तर दगडाचे पुरावे आहेत. शिलाहार-यादवांच्या काळापासूनच्या गधेगाळी कोकणात आणि देशावर आजही उभ्या आहेत: वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचे ते ओंगळ शिल्प. दान मोडणाऱ्याला दिलेली ती उघड शिवी होती, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र पाहून कळावी अशी तिची योजना होती. व्यवहारातला शाप असा असे. कृत्य ठरलेले, दंड ठरलेला, आणि ऐकणाऱ्याला आधीच बजावलेले. दुर्वासाचा शाप याच्या अगदी उलट. तो पडद्याआडून येतो, जिला दिला तिला ऐकू येत नाही, दोघी सख्यांना तेवढा कळतो आणि त्याही तो मनातच ठेवतात. सातव्या अंकात मारीच ऋषी सांगतात तेव्हा कुठे पतिपत्नींना उलगडा होतो. दुष्यंताने सातव्या अंकापर्यंत पश्चात्तापाने झुरावे आणि तरीही निर्दोष राहावे, एवढ्यासाठी ही सगळी गुप्तता सांभाळली आहे. लोकांच्या श्रद्धेतून फक्त शाप आला. तो कुणी ऐकायचा आणि कुणी नाही, हे नाटककाराने ठरवले.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभे केले तेव्हा पहिले चारच अंक झाले. म्हणजे त्या रात्री शाप लागला आणि उःशाप सांगितला गेला, पण सुटका काही रंगमंचावर आली नाही. प्रेक्षकांना त्याची अडचण वाटल्याचे दिसत नाही. त्यांना गाणी मिळाली होती.

पुढच्या तीसेक वर्षांत शापाची ही सोय राजकीय नाटकाला पुरेनाशी झाली. अन्याय करणारा समोर आणि ओळखीचा असताना दुर्वास काय कामाचा? खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. इथे सूड मूळ विराटपर्वातलाच, तेव्हा नाटककाराने काय घातले, असा प्रश्न रास्त आहे. त्यांनी भीमाच्या सुडाइतकेच वजन धर्मराजाच्या सबुरीला दिले. कीचकात कर्झन, भीमात जहाल आणि धर्मराजात मवाळ पाहायला प्रेक्षकांना कुणी शिकवावे लागले नाही. दोष आता अत्याचाऱ्यापुरता राहिला नाही, वाट पाहणाऱ्यालाही त्यात वाटा मिळाला. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. नाट्यसमीक्षक म्हणून या सरकारला मी कमी लेखणार नाही.

सूड मुळातून निर्माण केला तो तेंडुलकरांनी. इतिहासातला घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडून आलेला, नाना फडणवीसांच्या कारभारातला पुण्याचा कोतवाल. १७९१ च्या ऑगस्टअखेरीस त्याच्या कोठडीत कोंडलेले वीसएक तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. यात माजलेला अंमलदार आहे, सूड घेणारा माणूस कुठेच नाही. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये मात्र घाशीराम आधी अपमानित होतो, चोरीच्या खोट्या आरोपाखाली मार खातो, पुण्याचा सूड घेण्याची शपथ घेतो आणि कोतवालीसाठी पोटची मुलगी नानांपुढे टाकतो. हा इतिहासाचा विपर्यास आहे, असे आक्षेपक म्हणाले. नाटक अनैतिहासिक आहे, असे तेंडुलकरही म्हणत होते; तेव्हा तेवढ्यावर वाद संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण खरे दुखणे दुसरीकडे होते. घाशीरामाला सुडाचे कारण मिळताच त्याचा जुलूम एकट्याचा उरत नाही. त्याला घडवणारे शहर आणि त्याला वापरून जमावाच्या हवाली करणारे नाना आरोपीच्या पिंजऱ्यात येतात. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात प्रयोग सुरू झाले आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबले. नानांची बदनामी झाली, ब्राह्मणांचे विकृत चित्रण झाले, अशी ओरड होती. खोटा सूड चिकटवून तेंडुलकरांनी घाशीरामावर अन्याय केला, ही तक्रार त्या गदारोळात नव्हती.