परांची कधी उतरवायची?

कोरमंगलात आमच्या घरासमोर दोन वर्षांपासून एक इमारत वर चढते आहे. तिच्या परांचीकडे बघत बघतच मी मागच्या पावसाळ्यात एका वैद्यकीय चाचणीच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद केला. विषय होता गुडघ्याची झिजलेली कूर्चा, आणि ती भरून काढण्यासाठी सच्छिद्र हायड्रोजेलच्या 'स्कॅफोल्ड'मध्ये वाढवलेल्या मूळ पेशी. 'स्कॅफोल्ड'साठी मी सवयीने 'सांगाडा' लिहिलं. बेळगावची मावशी तेव्हा गुडघे दाखवायला आमच्याकडे आली होती. मसुदा वाचून तिने चष्म्यावरून पाहिलं.

"सांगाडा म्हणजे तो आत कायमचा राहणार ना गं? मग तो झिजला की पुन्हा ऑपरेशन?"

तिची शंका रास्त होती, माझा शब्द चुकला होता. तो दुरुस्त करताना मला या वस्तूचा इतिहासच वाचावा लागला.

शरीराबाहेर ऊती वाढवण्याचा सुरुवातीचा मोठा प्रयोग घडला तोच मुळी जेलमध्ये. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातल्या मज्जाऊतीचा कण लसिकेच्या थेंबात ठेवला. थेंब साकळला आणि त्यातून मज्जातंतू पुढे सरकताना त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पुढे सोयीसाठी पेशी सपाट काचेवर आणि मग प्लॅस्टिकच्या बशांमध्ये वाढू लागल्या. बशीत त्या वाढत, पण शरीरात वागतात तशा वागत नसत.

जेलकडे परतायची वाट डोळ्यातून गेली. प्रागमधल्या ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी १९६० साली 'नेचर'मध्ये शरीरात वापरता येतील अशा, पाणी धरून ठेवणाऱ्या जेलविषयी लिहिलं. १९६१च्या नाताळात विख्टरले यांनी घरच्या टेबलावर मुलांच्या 'मेर्कुर' खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र बनवलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या.

हायड्रोजेल म्हणजे काय, हे मावशीला सांगायला मला खरवस पुरला. (आमच्या कानडी शेजारीण त्याला गिण्णु म्हणतात.) चिकात पाणीच जास्त असतं, पण वाफवल्यावर प्रथिनांचं जाळं ते असं धरून ठेवतं की वडी कापता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हेच तत्त्व शेतात नेलं होतं. १९८०च्या दशकात तिथे 'जलशक्ती' हा कोरडवाहू जमिनीत ओल धरून ठेवणारा पदार्थ तयार झाला. याच प्रयोगशाळेत पीएच.डी. केलेल्या शायनी वर्गीस पुढे अमेरिकेत मूळ पेशींसाठीच्या जेलवर काम करू लागल्या. कापल्यावर काही सेकंदांत पुन्हा सांधणाऱ्या जेलवरचा त्यांच्या गटाचा निबंध २०१२ साली आला. त्याच्या लेखकांत पुण्याचे रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले हेही आहेत.

मात्र पेशींना नुसतं पाणी पुरत नाही, जाळीही लागते. शरीरातली बहुतेक पेशी केशवाहिनीपासून एक-दोनशे मायक्रोमीटरच्या आतच असते. त्याहून लांब प्राणवायू पुरेसा झिरपत नाही. जाड, सलग जेलच्या पोटातल्या पेशी म्हणून गुदमरतात. त्यावर उपाय म्हणजे जेल बनतानाच त्यात मिठाचे कण पेरायचे आणि नंतर धुऊन काढायचे, किंवा ते गोठवून बर्फाच्या स्फटिकांना जागा करू द्यायची. बर्फ वितळला की भोकं उरतात. ती एकमेकांना जोडलेली हवीत. जाळी पडलेला अनरसा तूप आत ओढून घेतो, तसंच हे.

शिवाय जेल किती मऊ, यावरही बरंच ठरतं. २००६ साली पेनसिल्व्हेनियातल्या गटाने अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. पोषकद्रव सगळीकडे तेच होतं. मेंदूइतक्या मऊ जेलवर पेशी मज्जापेशींसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूंकडे वळल्या आणि त्याहून कडक जेलवर हाडाकडे. त्या निबंधाचे एक लेखक शामिक सेन आज पवईला आयआयटीत शिकवतात.

मावशीच्या शंकेचं उत्तर यापुढे आहे. पेशी जागेवर रुजल्या की स्वतःचं कोलॅजन विणू लागतात. अशा कामासाठीचं जेल त्या बेतानेच विरघळेल असं रचायचं असतं. लवकर विरघळलं तर पेशींचा आधार जातो, रेंगाळलं तर नव्या ऊतीला जागा मिळत नाही. इमारत उभी राहीपर्यंत लागणारी आणि नंतर उतरवायची अशी वस्तू गवंडीकामात फार पूर्वीपासून आहे. मी 'सांगाडा' खोडून 'परांची' लिहिलं.

सुधारलेला मसुदा मावशीने पुन्हा वाचला. "छान समजलं. मग माझ्या गुडघ्यात कधी घालणार?"

आता शब्द बरोबर होता, म्हणूनच आशा वाढली होती. मी तिला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. २०१७च्या त्या तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळ पेशींचा इतर वापर मंजूर झालेल्या चाचणीतच करता येत होता. तो उपचार म्हणून विकता येत नव्हता.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे चौथ्या पानावर कशाला? माझ्यासारखी बाई तिथवर पोचेपर्यंत मनात ऑपरेशन उरकून मोकळी होते."

मूळ इंग्रजी पत्रकात ते वाक्य चौथ्या पानावरच होतं, आणि वाक्याची जागा बदलणं अनुवादकाच्या अखत्यारीत येत नाही. मी पत्रक पाठवणाऱ्यांना तसं लिहून कळवलं. छापील मराठी प्रतीत पहिलीच ओळ आहे: हा उपचार नाही, ही चाचणी आहे.