टोंगळे, बिबा आणि चार दप्तरं : एका औषधाचा इतिहास शोधायचा कुठे?

संशोधनाचा विषय ठरवताना अनेक जण सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास लिहितात : 'ही वनस्पती हजारो वर्षांपासून सांधेदुखीवर वापरली जाते.' वाक्य निरुपद्रवी वाटतं. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथेच थांबून तीन प्रश्न विचारायला हवेत. कोण वापरत होतं? कसं वापरत होतं? आणि हे आपल्याला कोणी सांगितलं? आज हे तीन प्रश्न आपण बिब्ब्याला विचारून बघू.

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला, आर्वी-आष्टी-कारंजा भागात, सातपुड्याच्या टेकड्या आणि सागाची जंगलं आहेत. अशा पानगळीच्या जंगलात बिब्ब्याचं झाड वाढतं. त्याची बी फोडून निघते ती गोडंबी, म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवातली. मात्र बीच्या टरफलात काळं, जळजळीत तेल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात. बिबे फोडून पोट भरणाऱ्या बायकांच्या हातांना हे वेगळं सांगावं लागत नाही. गावात हेच तेल दुखऱ्या सांध्यावर लावलं जायचं : बिबा गरम करायचा आणि तेलाचे ठिपके किंवा फुली उमटवायची. 'बिब्बा घालणे' याचा अर्थ चांगल्या कामाचा विचका करणे, हे तुम्हाला माहीत आहेच. औषध आणि अपाय दोन्ही एकाच शब्दात आहेत.

आता दप्तरं उघडू.

पहिलं दप्तर : वैद्यकाचे ग्रंथ

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या अध्यायात, भल्लातक म्हणजे बिब्बा येतो. तो तूप, दूध, मध, गूळ अशा दहा प्रकारे घेण्याचा विधी तिथे आहे, आणि तो आगीसारखा तीक्ष्ण असल्याची जाणीवही आहे. वैद्यपरंपरेत बिब्बा आधी शुद्ध करून घेतात. त्यासाठी विटेची भुकटी वापरतात, ती तेल शोषून घेते.

इथे नीट बघा. चरकातला हा विधी पोटात घेण्याचा आहे आणि त्याचा उद्देश रसायन, म्हणजे बळ आणि दीर्घायुष्य हा आहे. गावातली फुली बाहेरून लावायची, तीही शुद्ध न केलेल्या बिब्ब्याची. झाड एकच आहे, उपचार दोन. म्हणून गुडघ्यावरच्या फुलीला आधार म्हणून चरकाची तळटीप देता येत नाही. नाव जुळलं म्हणजे परंपरा जुळली असं होत नाही. व्हायव्हात बहुतेक जण इथेच अडकतात.

दुसरं दप्तर : परदेशी निरीक्षक

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ताचा औषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. त्यात 'अनाकार्दो' या नावाखाली बिब्ब्यावर एक संवाद आहे आणि 'बिबो' हे इथलं नावही नोंदलेलं आहे. आज वनस्पतिशास्त्रात 'अनाकार्डियम' म्हणजे काजू. जुन्या युरोपीय औषधशास्त्रात मात्र हे नाव बिब्ब्याचं होतं, ते पुढे काजूकडे गेलं. जुन्या ग्रंथातलं 'अनाकार्डियम' काजू समजून वाचलंत, तर पूर्ण प्रकरण चुकेल. आधी नावाचा इतिहास, मग औषधाचा.

तिसरं दप्तर : सरकारी कागद

रसेल यांनी संपादित केलेलं वर्धा जिल्ह्याचं गॅझेटिअर १९०६ सालचं. अशा गॅझेटिअरमध्ये जंगल एका प्रकरणात येतं आणि दवाखाने प्रशासनाच्या प्रकरणात. जंगलातून औषध आणणारी बाई या दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत हरवते. कारण सरकारचा प्रश्न महसुलाचा होता, तिच्या दुखण्याचा नव्हता.

दुसरा सरकारी धागा जास्त बोलका आहे : न्यायवैद्यक. जयसिंग मोदींचं या विषयावरचं पाठ्यपुस्तक १९२० साली आलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. खोटी फिर्याद करण्यासाठी बिब्ब्याचं तेल लावून माराचे वळ उठवले जातात, हे भारतातल्या न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. खरा मार आणि बिब्ब्याचा डाग कसा ओळखायचा, तर डागाला खाज सुटते, कडेला बारीक फोड येतात, खाजवल्यामुळे बोटांवरही खुणा दिसतात. म्हणजे बिब्ब्याने कातडीचं काय होतं, याचं बारकाईचं वर्णन आपल्याला संशयाच्या दप्तरात सापडतं. घरी जो उपचार, तो कोर्टात बनावट पुरावा.

चौथं दप्तर : प्रयोगशाळा

गांधीजींच्या हस्ते १९२१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन झालं. पंधरा वर्षांनी, १९३६ मध्ये, ते वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. मधल्या काळात, १९३१ साली, पिल्ले आणि सिद्दिकी यांचं बिब्ब्याच्या रसायनावरचं काम प्रसिद्ध झालं. यातले सलीमुज्जमाँ सिद्दिकी तिब्बिया कॉलेजातल्या संशोधनाचे प्रमुख होते. बिब्ब्यातला दाहक पदार्थ 'भिलावनॉल' या नावाने ओळखला जाऊ लागला. आज औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भल्लातक आहे. ते असलेलं औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

चारही दप्तरं बंद केली, तरी एक माणूस अजून सापडलेला नाही : ज्याचा सांधा दुखत होता तो. त्याच्यासाठी मौखिक इतिहासाकडे जावं लागतं, आणि तिथे पहिली अडचण शब्दाची असते. वर्धा भागात कापूस वेचणाऱ्या आजीला 'तुम्हाला सांधेदुखी आहे का' असं विचारलंत, तर उत्तर कोरडं येईल. 'आजी, टोंगळे दुखतात का?' असं विचारा. मग वात निघेल, बिबा निघेल, कोणी लावला, किती दिवस फोड राहिला, पुन्हा लावून घेतला की नाही, सगळं निघेल. 'गुण आला का' एवढंच विचारू नका. 'त्रास काय झाला' हेही विचारा, कारण आठवणीत गुण उरतो आणि फोड विसरला जातो.

हे सगळं कशासाठी? तुमच्या प्रबंधातलं 'हजारो वर्षांपासून' हे वाक्य उद्या कोणीतरी उचलेल आणि कोणाचा तरी गुडघा भाजेल. बिब्बा घरी लावून बघायची वस्तू नाही. त्या वाक्याच्या जागी असं लिहा : 'अमुक ग्रंथात अमुक रीतीने, अमुक कारणासाठी, अमुक गावात वेगळ्या रीतीने, वेगळ्या कारणासाठी.' वाक्य लांबेल, गाईड कदाचित कापायला सांगतील. तरी ठेवा. संशोधन या वाक्यातच आहे.