हौशी लेसर : दुरुस्ती व सुटे भाग
अमेरिकेत घरगुती लेसरबांधणीला 1964 मध्ये चालना मिळाली. त्या वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात सी. एल. स्टाँग यांच्या सदरात हेलियम-निऑन लेसरची कृती छापून आली. नळी व आरसे घरी तयार करणे मोठे जिकिरीचे; त्यामुळे पुढे हौशी मंडळींची मदार बारकोड वाचणाऱ्या जुन्या यंत्रांतून काढलेल्या नळ्यांवर राहिली. 632.8 नॅनोमीटरचा तांबडा झोत देणाऱ्या या नळ्या नुसत्या पडून राहिल्या तरी बिघडतात. जुन्या घडणीत आरसे इपॉक्सीने चिकटवलेले असत. त्या सांध्यांतून हेलियम निसटतो, हवा शिरते आणि नळीतील नारिंगी-गुलाबी उजेड जांभळट दिसू लागतो. अशी नळी बहुधा गेलीच म्हणायची. फक्त हेलियम घटला असेल, तर नळी काही दिवस हेलियम भरलेल्या पिशवीत ठेवतात. वायू हळूहळू आत झिरपतो. मात्र तो जास्त झाला तरी झोत मंदावतो. काचेच्या लुकणाने सांधलेल्या नळ्या वर्षानुवर्षे टिकतात, साठा करायचा तो त्यांचाच. वीज जोडताना नळीतील प्रवाह आवरणारा बॅलास्ट रोधक तिच्या धनाग्राजवळ बसवतात. तो बहुधा 75 किलोओहमच्या आसपास असतो. वीज बंद केल्यावरही वीजपुरवठ्याच्या धारित्रांत प्राणघातक भार उरतो. तो उतरवल्याशिवाय हात घालू नये.