यंत्राची निवड आणि लिपीची अट : खानदेशातील संगणकवापराविषयी काही विचार

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा व ती निर्माण करणाऱ्या कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस काढला, जानेवारी १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश आला, आणि सामान्य माणसाने नित्याच्या कामासाठी यांपैकी कोणता पत्करावा या प्रश्नावर तिकडे जो वाद माजला तो अद्यापि पुरता शमलेला नाही. वेग, किंमत, हाताळणीतील सुलभता, रूपसौष्ठव हे त्या वादातील मुद्दे होत. हेच मुद्दे जसेच्या तसे उचलून जळगाव-धुळ्याकडील संगणकवापराचा विचार करू गेल्यास मात्र हाती फारसे काही लागत नाही. येथील निवडीच्या मुळाशी जो प्रश्न होता तो न्यू यॉर्कच्या वा लंडनच्या ग्राहकाला कधी पडलाच नव्हता. या यंत्रावर मराठी उमटते काय, आणि एका यंत्रावर उमटलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर वाचता येते काय, असा तो दुहेरी प्रश्न होय. त्याच्या पूर्वार्धाकडे सर्वांचे लक्ष गेले. उत्तरार्धाकडे फार थोड्यांचे गेले. या दुर्लक्षाचा भार आज इतिहासाच्या साधनांवर येऊन पडला आहे.

विचाराचा प्रदेश प्रथम निश्चित केला पाहिजे. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या प्रदेशातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठास जोडलेली होती. जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली व २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्या कवयित्रीला अक्षरओळख नव्हती आणि जिच्या ओव्या इतरांनी टिपून ठेविल्या म्हणूनच वाचल्या, तिचे नाव विद्यापीठास लाभावे ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. बोललेला शब्द कोणत्या साधनाने टिपला जातो आणि ते साधन किती काळ टिकते, यावरच पुष्कळ काही अवलंबून असते.

संगणकापूर्वी मराठी मजकूर यंत्राने लिहिण्याचे साधन म्हणजे टंकलेखनयंत्र. कचेऱ्या, न्यायालये व शाळा येथे त्याचा वापर होता, आणि गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटास तीस व चाळीस शब्दांच्या शासकीय परीक्षांची तयारी करून घेतली जात असे. या यंत्रावर कळा थोड्या आणि देवनागरीची रूपे पुष्कळ. तेव्हा अक्षरांचे तुकडे करून ते एकापुढे एक ठोकावे लागत. ‘कि’ लिहावयाचा तर ऱ्हस्व वेलांटी आधी, ‘क’ मागाहून. म्हणजे उच्चाराचा क्रम एक आणि कळा दाबण्याचा क्रम दुसरा. रेमिंग्टन पद्धतीचा हा कळफलक ज्यांच्या बोटांत मुरला होता, त्यांच्या दृष्टीने लिपी ही ध्वनींची नव्हे तर आकारांची मांडणी होती. ही सवय पुढे संगणकाच्या निवडीत निर्णायक ठरली, हे लक्षात ठेवणे अवश्य आहे.

आय.बी.एम. कंपनी १९७८ साली भारतातून निघून गेली होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक-धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल झाले, आणि एच.सी.एल., विप्रो, झेनिथ इत्यादी भारतीय कंपन्यांनी आय.बी.एम.च्या यंत्राशी जुळणारी यंत्रे बनविण्यास वेग दिला. आय.बी.एम.ची रचना उघडी होती. तिचे सुटे भाग अनेक कारखाने बनवीत. मॅकिन्टॉशचे तसे नव्हते. तो अखंड विकत घ्यावा लागे, महाग पडे, आणि बिघडल्यास त्याचा भाग जिल्ह्याच्या गावी मिळणे कठीण. आय.बी.एम. पद्धतीचे यंत्र मात्र सुटे भाग आणून स्थानिक कारागिरालाही जुळविता येत असे. ‘असेंबल्ड’ हा शब्द खानदेशात घरोघरी रुळला तो यामुळेच. केवळ यंत्राचा विचार केला तर निवड येथेच संपली असे म्हणता येईल. परंतु यंत्र मराठी लिहीत नव्हते, आणि खरी कथा तेथून सुरू होते.

त्या काळच्या डॉस प्रणालीला रोमन लिपीखेरीज दुसरी लिपी ठाऊक नव्हती. कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन झाले होते, ते १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. जिस्ट कार्ड हा संगणकाच्या आत बसविण्याचा एक जोडभाग होता. तो बसविला की डॉसवरील इंग्रजी कार्यक्रमांतही देवनागरी अक्षरे उमटत. यामागील तत्त्व मोठे शास्त्रशुद्ध होते. अक्षराचा आकार नव्हे तर त्याचा वर्ण साठवावयाचा, आणि आकार पडद्यावर आयत्या वेळी घडवावयाचा. याच तत्त्वावर आधारलेली इस्की ही संकेतावली १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. १९८६ साली ठरलेला इन्स्क्रिप्ट कळफलकही त्याच विचाराचा. त्यात स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे आणि लेखनाचा क्रम उच्चाराप्रमाणे असतो. पाणिनीय परंपरेतील वर्णविचार यंत्रात उतरविण्याचा हा प्रयत्न होता असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

असे असूनही जिल्ह्यातील छापखान्यांत व दुकानांत ही पद्धती रुजली नाही. कार्डाचा खर्च यंत्राच्या किमतीवर आणखी पडे, आणि मुद्रणास लागणारी अक्षरांची विविधता व सुबकता डॉसच्या पडद्यावर मिळत नसे. विंडोज प्रणाली व तिच्यावर चालणारा पेजमेकर हा पृष्ठरचनेचा कार्यक्रम आल्यावर चित्र पालटले. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, बंगलोरची आकृती, सी-डॅकचेच आय.एस.एम. या संचांनी छापण्यायोग्य सुंदर मराठी फाँट दिले आणि रेमिंग्टनच्या सवयीचा कळफलकही दिला. खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याची जागा डी.टी.पी. करणाऱ्याने घेतली, ‘अक्षरजुळणी’ हा शब्द तेवढा पुस्तकांच्या श्रेयनामावलीत तसाच राहिला. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, अहिराणी कवितांचे छोटे संग्रह हे सर्व या मार्गाने छापले जाऊ लागले. ग्राहकाने विंडोज निवडले असे आज म्हटले जाते. वस्तुतः त्याने एक फाँट निवडला होता, आणि तो फाँट ज्या प्रणालीवर चाले ती प्रणाली त्याच्या पदरी पडली.

या फाँटांची अंतर्रचना समजून घेतल्यावाचून पुढील अनर्थ कळणार नाही. त्यांत देवनागरी आकारांचे तुकडे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या संकेतांवर बसविलेले असत. यंत्राच्या लेखी तो मजकूर रोमनच होता. फाँटरूपी चष्म्यातून पाहिले तरच तो मराठी दिसे. शिवाय कोणता तुकडा कोणत्या संकेतावर बसवावयाचा हे प्रत्येक संचाने आपापल्यापुरते ठरविले होते. परिणामी श्रीलिपीत जुळविलेला लेख आकृतीत उघडला तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली गेल्याने अकारविल्हे लावणे वा शब्द शोधणेही धड जमत नसे. छापील पान डोळ्यांसमोर निर्दोष होते, म्हणून या वैगुण्याची जाणीव कोणाला झाली नाही. जे पान कागदावर उमटले, त्याचे काम झाले अशीच सर्वांची समजूत होती.

दुसरा एक पर्याय या काळात उपलब्ध होता, तो लिनक्सचा. ही प्रणाली विनामूल्य होती आणि तिच्यात कोणालाही फेरबदल करता येत. केरळने शाळांतून तिचा पुरस्कार केला, आणि २००८ च्या सुमारास तेथील शालान्त परीक्षेतील संगणक विषय मुक्त प्रणालीवर आणला. सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती काढली. महाराष्ट्रात मात्र प्रवाह निराळा होता. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली व एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी संगणक-साक्षरतेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यामुळे तालुक्या-तालुक्यांतील तरुण या वर्गांकडे वळले. वर्गात विंडोज व मायक्रोसॉफ्टचे ऑफिस शिकविले जाई. ज्याने ते शिकून प्रमाणपत्र मिळविले, त्याने घरी दुसरी प्रणाली का घ्यावी? त्यातच असेंबल्ड यंत्रासोबत विंडोजची अनधिकृत प्रत फुकट घालून देण्याची चाल देशभर पडली होती. त्यामुळे लिनक्सच्या विनामूल्य असण्याला बाजारात काही मोलच उरले नाही. चोरीने मक्तेदारीला बळ दिल्याचे असे उदाहरण अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य तपासावे. निवड झाली ती ग्राहकाच्या विचाराने नव्हे, तर अभ्यासक्रम व शेजारचा दुरुस्तीवाला यांच्या जोरावर. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र असूनही भारनियमनाचे तास ज्या भागाने सोसले, तेथे यंत्र बंद पडल्यावर ते लगोलग सुरू करून देणारा माणूस जवळ असणे, हा गुण कोणत्याही तांत्रिक श्रेष्ठत्वाहून मोठा होता.

देवनागरीस युनिकोड या जागतिक संकेतावलीत १९९१ पासून, इस्कीच्याच धर्तीवर, स्थान मिळालेले होते. परंतु विंडोजमध्ये तिची सोय फेब्रुवारी २००० मधील विंडोज २००० पासून झाली, आणि घरगुती संगणकावर ती २००१ च्या एक्स.पी.बरोबर आली. तीही मूळ तबकडी घालून निराळी बसवून घ्यावी लागे. ज्यांच्यापाशी मूळ तबकडी नव्हती त्यांची अडचण सांगावयास नको. मराठीच्या विशिष्ट गरजा तर आणखी मागाहून भागल्या. दर्या म्हणजे समुद्र आणि सातपुड्याच्या दऱ्या म्हणजे खोरी, हा भेद हिंदी लेखनास लागत नाही. तो उमटविण्यासाठी मराठी लेखकाला खास युक्ती शिकावी लागली. ‘ॲ’ या स्वराला स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला. तोपर्यंत ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहिला जाई, आणि अद्यापही पुष्कळ ठिकाणी तसाच लिहिला जातो, डोळ्यांना एकच दिसणारे हे दोन शब्द यंत्राला भिन्न वाटतात व शोधात एक सापडला तरी दुसरा निसटतो. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमाला प्रमाणित करून ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे निश्चित केली, तीही विंडोजमधील प्रचलित मंगल फाँटात हिंदी वळणाचा ‘ल’ येत असल्याच्या पार्श्वभूमीवर.

छापखाने तरीही जुन्याच फाँटांना धरून राहिले, याचा दोष त्यांच्या आळसाला देणे अन्यायाचे होईल. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. तिला युनिकोड ठाऊक नव्हता. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ साली झाली. म्हणजे घरच्या पडद्यावर युनिकोड आल्यानंतर दहा-अकरा वर्षे मुद्रणाचा व्यवहार जुन्या संकेतांवरच चालू राहणे अपरिहार्य होते. साधारणतः १९९० ते २०१२ या काळातील खानदेशी मुद्रित वाङ्मयाच्या मूळ संगणकीय प्रती, जेथे त्या जपल्या गेल्या तेथे, बहुशः या आता परक्या झालेल्या संकेतांत पडून आहेत.

धुळे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले आणि पुढील वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांनी गावोगाव हिंडून मिळविलेले मोडी कागद तीनशे वर्षांनंतरही मोडी जाणणाऱ्याला वाचता येतात. मोडी लिपीलाही २०१४ साली युनिकोडात स्थान मिळाले. याउलट १९९५ साली एखाद्या अहिराणी कवीने फ्लॉपीवर ठेविलेला संग्रह आज उघडावयाचा तर फ्लॉपी चालविणारे यंत्र पाहिजे, पेजमेकरची ती आवृत्ती पाहिजे, नेमका तो फाँट पाहिजे, आणि फाँटाचे नाव कोठे नोंदलेले नसेल तर संकेतांचा उलगडा एखाद्या अज्ञात लिपीप्रमाणे करावा लागेल. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे हस्ताक्षर वाचणे तीस वर्षांपूर्वीच्या डी.टी.पी.वाल्याची फाइल वाचण्यापेक्षा सोपे ठरावे, ही स्थिती इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. प्रचलित फाँटांसाठी रूपांतराचे कार्यक्रम उपलब्ध आहेत. पण जोडाक्षरे, रफार आणि दऱ्यांमधला ‘ऱ’ यांपाशी ते हमखास अडखळतात, आणि प्रत्येक ओळ मूळ छापील पानाशी ताडून पाहावी लागते.

अहिराणीच्या बाबतीत हे ताडून पाहणे विशेष जोखमीचे आहे. खानदेशीचा शास्त्रीय परामर्श ग्रिअर्सनने १९०७ साली आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडात घेतला, तरी तिचे लेखननियम कधी स्थिर झाले नाहीत. प्रमाण मराठीतील ‘ळ’ या भागातील बोलींत अनेकदा ‘य’ होतो. डोळा हा डोया, काळा हा काया. प्रमाण मराठीवर बेतलेला शुद्धलेखन तपासणारा कार्यक्रम अशा शब्दांना चूक ठरवितो, आणि बोलीशी अपरिचित असा रूपांतर करणारा माणूसही ते ‘सुधारतो’. २०१३ नंतर मुंबईच्या आय.आय.टी.ने काढलेल्या स्वरचक्रासारख्या कळफलकांमुळे व २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे लेखनाचे नित्याचे साधन संगणक न राहता भ्रमणध्वनी झाले आहे. तेथे मजकूर युनिकोडात असल्याने तो कोठेही वाचता येतो. १९९० मध्ये विचारावयास हवा होता तो प्रश्न तेथे सुटला आहे. परंतु पुढील शब्द सुचविणारा कळफलक ‘डोया’ लिहिणाऱ्यापुढे ‘डोळा’ ठेवितो. जुन्या फाँटांत अडकलेले अहिराणी लेखन वाचता येत नसले तरी त्यातला ‘य’ शाबूत आहे. ते ज्यांनी जुळविले त्यांपैकी पुष्कळ जण आज हयात आहेत, आणि कोणत्या वर्षी कोणता संच वापरला हे त्यांना आठवते. ही माहिती टिपून घेण्याचे काम जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सुट्टीत सुरू करता येण्यासारखे आहे.