डीपीपी विरुद्ध स्मिथ : पोलिसाचा मृत्यू आणि हेतूचा प्रश्न

पोलिसाने अडवलेली गाडी चालकाने पळवली आणि त्यात पोलिसाचा मृत्यू झाला, तर तो खून ठरतो की सदोष मनुष्यवध? या प्रश्नावर इंग्लंडमध्ये १९६० साली दिला गेलेला 'डीपीपी विरुद्ध स्मिथ' हा निकाल फौजदारी कायद्याच्या इतिहासातील सर्वाधिक वादग्रस्त निकालांपैकी एक मानला जातो. सात वर्षांत संसदेला कायदा करून त्याचा प्रभाव दूर करावा लागला.

घटना

२ मार्च १९६० रोजी लंडनच्या आग्नेय भागातील वुलिच येथे वाहतुकीसाठी थांबलेल्या एका मोटारीजवळ तिच्या चालकाला ओळखणारा एक पोलीस शिपाई गेला. गाडीच्या मागील भागात पोत्यांमध्ये चोरलेले बांधकामाचे सामान होते. वाहतूक मोकळी झाल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला घेण्यास शिपायाने सांगितले. चालक स्मिथ याने तसे करण्यास आरंभ केला; परंतु अचानक वेग वाढवला. शिपाई गाडीला धरून राहिला. वेडीवाकडी धावणारी गाडी सुमारे १३० यार्ड गेल्यावर तो समोरून येणाऱ्या वाहनापुढे फेकला गेला आणि मरण पावला. स्मिथ पुढे गेला, चोरीचा माल टाकून दिला आणि घटनास्थळी परतला.

खटला

इंग्लंडच्या १९५७च्या मनुष्यवध कायद्याने बहुतेक खुनांसाठी फाशीची शिक्षा रद्द केली होती. कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाच्या खुनासाठी मात्र ती कायम होती. याच कायद्याने एक जुना नियमही मोडीत काढला होता. अटकेला विरोध करताना पोलिसाचा जीव गेला तर तो आपोआप खून मानण्याची पद्धत संपली होती. त्यामुळे ठार मारण्याचा किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू होता, हे सरकारपक्षाने सिद्ध करणे आवश्यक झाले.

तसा आपला हेतू नव्हता, असा स्मिथचा बचाव होता. परंतु गाडी अशी चालवल्यास गंभीर इजा होण्याचा संभव आहे, हे सामान्य समजाच्या माणसाला कळले असते का, याचा विचार करण्यास न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि फाशीची शिक्षा झाली.

दोन अपिले, दोन उत्तरे

फौजदारी अपील न्यायालयाने मे १९६० मध्ये ही दोषसिद्धी बदलली. दुसऱ्या कुणाला काय कळले असते यापेक्षा प्रत्यक्ष आरोपीच्या मनात काय होते हे महत्त्वाचे, असे मानून न्यायालयाने गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरवला व दहा वर्षांची कैद दिली.

सरकारपक्ष हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला. तेथील पाच न्यायाधीशांनी २८ जुलै १९६० रोजी एकमताने खुनाची दोषसिद्धी पुन्हा लागू केली. लॉर्ड चॅन्सेलर व्हायकाउंट किलम्यूर यांनी निकालपत्र दिले. लॉर्ड डेनिंग यांचाही पीठात समावेश होता. कृत्याचा स्वाभाविक व संभाव्य परिणाम विवेकी माणसाला दिसला असता, एवढे हेतू गृहीत धरण्यास पुरेसे आहे, असे त्यांनी मानले. स्मिथला मात्र फाशी देण्यात आली नाही; शिक्षेचे रूपांतर जन्मठेपेत झाले.

टीका आणि माघार

या निकालावर विधिज्ञांनी कठोर टीका केली. ज्याने परिणामाचा विचारच केला नाही, अशा माणसालाही खुनी ठरवण्याचा मार्ग त्यामुळे खुला होत होता, हा मुख्य आक्षेप होता. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९६३ साली पार्कर प्रकरणात हा निकाल स्वीकारण्यास नकार दिला. सरन्यायाधीश ओवेन डिक्सन यांची ही भूमिका ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयीन स्वातंत्र्याचा महत्त्वाचा टप्पा समजली जाते.

इंग्लंडच्या विधी आयोगाच्या शिफारशीनंतर १९६७च्या फौजदारी न्याय कायद्यात कलम ८ समाविष्ट झाले. परिणाम स्वाभाविक होता म्हणून हेतू होताच, असे मानण्याचे बंधन न्यायालयावर किंवा ज्यूरीवर उरले नाही. सर्व पुरावा पाहून आरोपीचा प्रत्यक्ष हेतू ठरवायचा, अशी तरतूद झाली. पुढे १९८७ साली प्रिव्ही कौन्सिलने आइल ऑफ मॅनमधील प्रकरणांत या मुद्द्यापुरता स्मिथ निकाल चुकीचा होता, असे स्पष्ट केले. गंभीर शारीरिक इजा म्हणजे खरोखर गंभीर इजा, ही त्यातील व्याख्या मात्र पुढेही आधारभूत राहिली.

भारतातील स्थिती

भारतात कर्तव्यावरील पोलिसाच्या खुनासाठी स्वतंत्र कलम नाही. खून आणि सदोष मनुष्यवध यांतील सीमारेषा १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम २९९ व ३०० मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० व १०१ मध्ये आहे. हेतूइतकेच आरोपीला असलेल्या जाणिवेलाही येथे महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली विरसा सिंग प्रकरणात दोन प्रश्न वेगळे केले. ती विशिष्ट इजा करण्याचा आरोपीचा हेतू होता का, हे आधी सिद्ध व्हावे लागते. ती इजा मृत्यूस पुरेशी होती का, हे नंतर वस्तुनिष्ठपणे तपासले जाते.

मृत्यू न झाल्यास सरकारी नोकरावरील हल्ल्याच्या तरतुदी लागू होतात. कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केल्यास कलम १३२ नुसार दोन वर्षांपर्यंत, दुखापत केल्यास कलम १२१ नुसार पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत केल्यास एक ते दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कर्तव्यावरील पोलिसाला कायद्याचे विशेष संरक्षण मिळावे, याविषयी स्मिथ प्रकरणात वाद नव्हता. ते संरक्षण देताना आरोपीच्या मनातील हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावरून उतरवता येईल का, एवढाच प्रश्न होता. संसदेने १९६७ मध्ये त्याचे उत्तर नकारार्थी दिले.